चौथी थाप

मुरूडच्या शाळेत स्नेहसंमेलन आलं
की राक्षसीण ठरलेली: राजपुरीची मैमूना.
बाई हसून म्हणायच्या,
हिला काजळी फासायला नको,
तेवढीच डबी वाचते.

पाचवी, सहावी, सातवी.
दर वर्षी तिसऱ्या थापेला ती मरायची
पुठ्ठ्याची शिंगं सांभाळत.
राजपुत्र मी. तलवारही पुठ्ठ्याचीच.
नंतर बाप तिला सायकलवर घरी न्यायचा,
खाडीच्या वाऱ्यात दोघंही गप्प.

आठवीत ती पडलीच नाही.
धाकू गुरव ढोलकीवर गोंधळला,
चौथी थाप हाणली, मग पाचवी,
मी तलवार उगारून तसाच,
आणि शिंगं काढून हातात घेत ती म्हणाली,
तालात नव्हे, नळावर भांडताना म्हणतात तसं:
मी का पडू?

पुढच्या खुर्च्या हसल्या.
मागे, जिथे होड्यांवरची माणसं उभी होती,
तिथून कुणीतरी तेच परत म्हटलं.

परवा तहसील कचेरीपुढे
दाखल्यांसाठी बसलेल्या बाया ते गात होत्या.
कडवी वाढलीत, बरीचशी मला ठाऊक नाहीत.
चौथ्या थापेला सगळ्या मिळून पाय आपटतात.

धाकू आता म्हातारा झालाय.
विचारलं तर म्हणतो,
चुकलंच ना रे माझं तेव्हा.
आणि दाराकडे बघतो,
बाई येतायत की काय.