आवाज ऐकव

विशू फोन करतो तेव्हा तिकडं सकाळ असती.
इकडं मी माळ्यावर, मांडीत पत्र्याचा डबा,
खाली हरभरा बोटभर वर आलेला.
मोंटानात म्हणे दहा दिवसांवर हंगाम आलाय,
परवाना निघालाय, एक हरीण, नर,
अन् दुकानदारानं तीन बंदुका काढून ठेवल्यात.
तिन्ही लिव्हरच्या.
"मामा, तुम्ही सांगा."

एकतीस वर्षं हिंगोलीच्या राखीव दलात
मी रायफली उघडल्या, पुसल्या, मिटल्या.
थ्री-नॉट-थ्रीचा बोल्ट झोपेत बसवीन.
लिव्हरची मात्र एकदाच हाती आली,
जप्तीतली, गंजकी, मुठीखाली लोखंडाची कडी.
खाली दाबली की रिकामं काडतूस उडतं,
वर घेतली की नवं बसतं.
कडीत सुतळीचा तुकडा अडकला होता.
तो मी काढला, तेल दिलं,
अन् ती मुद्देमाल म्हणून नांदेडला गेली.

विशू वाचून दाखवतो.
पहिलीला लाकूडच नाही, सगळं काळं,
नळीच्या तोंडाला आटे,
आवाज गिळणारं नळकांडं बसवायला.
दुसरी स्टेनलेस, बर्फापावसात चालती,
दुर्बिणीसाठी वर पट्टी.
तिसरी अक्रोडाच्या दस्त्याची,
गोळ्या बाजूच्या खिडकीतून भरायच्या,
अन् किंमत आपल्या दोन एकरांची.
टोकदार गोळ्या एकामागं एक भरायच्या नसतात मामा,
मागचीचं टोक पुढचीच्या टोपीला लागतं.
आता रबरी टोकाच्या निघाल्यात.
मी म्हणलं, बरं.

"किती लांबून मारणार?"
"झाडी आहे. शंभर यार्ड, फार तर."
"चढ?"
"चढच आहे सगळा."
"मोजे घालशील ना हातात?
मोज्यासकट चार बोटं कडीत बसतात का बघ."
बराच वेळ नुसती खुडबूड.
"काळीत नाही बसत."
काळी गेली.

नऊ वर्षांचा होतो, कायदा यायच्या आदल्या साली.
वसमतकडचे एक डॉक्टर जीप घेऊन आलते.
गोळी पोटात लागली, काळवीट निघून गेलं.
डॉक्टर चहा पिऊन परतले,
आबानं मला माग काढायला पाठवलं.
दोन दिवस.
कयाधूच्या डोहाजवळ सापडलं,
तोंड पाण्यापासून हातभर अलीकडं.
मी शिंगाचे पीळ मोजले, उगंच.
पाच होते.

हे विशूला कधी सांगितलं नाही.
म्हणलं, "पहिल्या गोळीतच पडलं पाहिजे."
तो हसला, "मामा, लिव्हर तर दुसरीसाठीच असती."
"ठाऊक आहे मला.
फोन तिथंच काउंटरवर ठेव.
आता आवाज ऐकव."

मी स्पीकर लावला.
स्टेनलेसवालीत कुठंतरी कुरकुर,
जात्यात खडा आल्यासारखी.
वापरून जाईल म्हणा ती.
मग अक्रोडवाली.
खट्, अन् लगेच खटक,
पोष्टातल्या तिजोरीचं दार लागतं तसं.
"अजून एकदा. सावकाश."

खट्.

तेव्हा दिसलं, खाली कळप उभा होता.
कधी आला कळलंच नाही,
कान सगळे अमेरिकेकडं लागलेले.
सोळा-सतरा माद्या, एक काळा नर,
चांदण्यात पोटाचं पांढरं तेवढं हलणारं.
सगळ्यांच्या माना वर, माळ्याकडं.

खटक.

नराचे कान फिरले.
डब्याला ती भितात, बॅटरीला भितात,
हिनं ताट वाजवलं तर पार कयाधूपलीकडं जातात.
ह्या आवाजाला काही नाव नव्हतं त्यांच्याकडं.
एक पाडस खाली वाकलं,
मग सगळीच.

"मामा? कोणती?"
"तिसरी," मी अगदी हळू म्हणलं.
"अन् आता बोलू नको जरा."

डबा मांडीतच होता, काठी त्याच्यावर.
खाली हरभऱ्याचे शेंडे तुटत होते,
बारीक, ओले, एकसारखे.
तिकडं दुकानात कुणीतरी खोकलं.
मग विशू, कुजबुजत,
"मामा, हे काय वाजतंय?"