खालची खूण

बाराशे दिरहम, म्हणाले कुरुविला,
आणि घासाघीस करायला मी तोंड उघडण्याआधीच
टॉर्च पेटवून पुढच्या भिंगात धरला:
बघा, कडेला बुरशी. दोन धागे.
हा पोचा दिब्ब्याच्या खडकांवरचा.
फोकसची चकती थंडीत जड फिरते.
बघायला आलेल्या पाहुण्यांना
मुलीचा चष्मा आधीच सांगून टाकणाऱ्या बापासारखे
एकेक दोष मोजत गेले,
आणि मग दुर्बीण माझ्या हातात देऊन
खिडकीबाहेर बघत बसले.

एकतीस वर्षं उम्म अल कुवैनमध्ये.
आता कोट्टयम. घरभर पुठ्ठ्याची खोकी.
मी अकराशे दिले. त्यांतले वीस परत करून म्हणाले,
रबरी फुगा घ्या, औषधाच्या दुकानात मिळतो.
आधी हवा मारायची, मग ब्रश,
पुसायचं अगदी शेवटी,
आणि ओढणीनं तर कधीच नाही.
वाळू म्हणजे काचच. काचेला काच कापते.

दिवसभर मी प्लांटच्या लॅबमध्ये
समुद्रातलं मीठ मोजते,
रात्री ट्रायपॉडच्या सांध्यांतलं पुसते.
नव्या बुटांच्या खोक्यांतून
सिलिकाच्या पुड्या गोळा करते.
खोलीतल्या जोसलिनला वाटतं, मी त्या खाते.

सप्टेंबरात एसीतून बाहेर काढली
की दुर्बिणीच्या डोळ्यात सारं पांढरं.
पुसावं, तर पुन्हा पांढरं.
याला उपाय नाही. वीस मिनिटं.
खोर अल बैदाच्या काठावर
आंधळीचा हात धरून उभं राहावं तशी
मी तिच्याशेजारी उभी राहते.
तोवर ओहोटी आपलं काम करते,
चिखल उघडा पडतो,
लांबवर काहीतरी पांढरं हलतं,
ते नुसत्या डोळ्यांनी प्लास्टिकची पिशवीही असू शकतं.

ट्रायपॉडच्या पायावर
नेलपॉलिशच्या दोन रेघा आहेत.
वरची कुरुविलांच्या उंचीची, हे उघड आहे.
खालचीशी मी कळ आवळते
आणि डोळा अलगद टेकतो,
मान वाकवावी लागत नाही, टाचा उचलाव्या लागत नाहीत.
कोणाची, ते विचारायचं राहिलं.
त्या दिवशी दाराशी
चपलांचा एकच जोड होता.

पिशवी नव्हती. क्रॅब प्लोव्हर.
मराठी नाव मला ठाऊक नाही.
काळी पाठ, बाकी पांढराशुभ्र,
चोच अंगाच्या मानानं भलतीच दणकट.
चार पावलं पळतो, थबकतो,
विसरल्यासारखा उभा राहतो,
आणि एकदम खेकडा उचलून असा झटकतो
की पाय इकडे, पाठ तिकडे.

बघताना ते धागे दिसत नाहीत.
फक्त उजेड जरासा दुधाळ होतो, एवढंच.
शारजात एकजण उघडून साफ करतो,
तीनशे घेतो.
पैसे बाजूला काढून ठेवलेत.
अजून नेली नाही.