पाच पिनांचा

लॅमिंग्टन रोडवर, जिन्याखालच्या साडेचार फुटांत
माझी पहिली नोकरी.
पहिल्याच सकाळी हातिमचाचा मान वर न करता म्हणाले,
"एक नर दे. तीन पिनांचा."
माझे कान तापले.
समोरचं बॅटरीवाल्याचं पोर खुदकन हसलं.
आठवड्याभरात मीच गिऱ्हाइकाला विचारू लागले,
नर हवा की मादी,
मासळीवाली विचारते तशी : अख्खा की तुकडे.

मग डबे हाताला कळायला लागले.
लाल-पांढरी जोडी, सगळ्यात स्वस्त, पकड ढिली,
मागून टेबल सरकवलं तरी एक कान बहिरा.
पाव इंची जाडजूड, गिटारवाल्या पोरांचा;
त्याच्या टोकाशी काळ्या रेघा मोजायच्या,
एक असली तर मोनो, दोन असल्या तर स्टिरिओ.
"रेघा बघ, पोरांची तोंडं बघू नको," चाचा म्हणत.
मोबाइलचा बारका मानेत मोडतो
आणि अर्धा आतच राहून
चांगल्या बोलत्या फोनला मुका करतो.
स्पीकरचा निळा आत घालून पिळायचा, कुलपासारखा.
मंडपवाले तो डझनाने नेत,
उधारीवर.

दुपारी गिऱ्हाईक नसताना
चाचांनी तीन पिनांचा खोलून दाखवला.
ही एक जमिनीची.
हिच्यातून आवाज जातो सरळ,
आणि हिच्यातून तोच आवाज, उलटा.
वाटेत ट्यूबलाइट, लिफ्टची मोटर, शेजारचं ग्राइंडर,
जो कचरा लागायचा तो दोघांना सारखाच लागतो.
पलीकडे पोचल्यावर उलट्याला सुलट केलं
की कचरा कचऱ्याला खातो,
आवाज तेवढा उरतो, दुप्पट.
मी म्हटलं, म्हणजे एकच गोष्ट दोघांनी सांगायची,
एकाने सुलटी, एकाने उलटी?
"माझ्या घरी तसंच चालतं," चाचा म्हणाले,
"फक्त शेवटी सुलट करणारं कुणी नाही."

माझगावच्या मिस ऑलिंडा परेरा
हातरुमालात बांधून एक प्लग घेऊन आल्या.
गोल. आत अर्धवर्तुळात पाच पिना,
दोन वाकलेल्या, एक गायब.
असला आता मिळत नाही, मी म्हणाले.
चाचांनी मला गप्प केलं, डोळ्याने.
"टेपरेकॉर्डर जर्मन आहे," मिस म्हणाल्या,
"टेपवर आमचा कॉयर आहे. दुसऱ्या रांगेत मी.
सगळ्यांचं ऐकायचंय, माझं नाही."

चाचांनी तीन जुने प्लग मारून एक जगवला.
मधली पिन जमिनीची.
उजवीकडच्या दोघी ऐकवतात,
डावीकडच्या दोघी लिहून घेतात.
डाव्यांना त्यांनी तार लावलीच नाही.
म्हणाले, "चुकूनसुद्धा काही लिहिलं जायला नको."
डाखाचा धूर जिन्यावर चढत गेला.

संध्याकाळी मशीन घेऊन त्या टॅक्सीने परत आल्या.
रिळं फिरली.
आणि गाण्याआधी आली ती गुरगुर,
जाड, सपाट, विजेच्या खांबाची,
पाठीमागे कुठेतरी बायका गात असाव्यात.
चाचांनी तार बदलली. प्लग उलटसुलट केला. शिवी दिली, गुजरातीत.
मग सहज प्लगच्या पत्र्यावर बोट ठेवलं
आणि गुरगुर थांबली.
बोट काढलं, आली.
ठेवलं, गेली.

जिन्याखालच्या भिंतीत अर्थिंग नव्हतंच कधी.

"दुकान बंद करायचंय," चाचा म्हणाले,
"तुम्हीच धरा."
मिस परेरांनी हातातली पर्स माझ्याकडे दिली,
स्टुलावर सरळ बसल्या
आणि दोन बोटांत प्लग धरला,
नाडी बघावी तसा.

पंचवीस मिनिटांची बाजू होती.
मी शटर अर्ध्यावर ओढून घेतलं.
मधे एकदा त्यांनी नाक पुसायला हात उचलला,
तेवढीच खरखर.