कपाट शनिवारी उघडतं

आमच्यात ग्रंथालय म्हणजे एक कपाट.
सातवीच्या वर्गात, नकाशाच्या मागं,
हिरवं, एक दार खाली घासणारं.
शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी
मुतगेकर सर किल्ली माझ्याकडं द्यायचे,
"उघड गे, पण हळू. बिजागरी म्हातारी आहे."

दाराला आतून नियम चिकटवलेले, खळीनं.
एकाला एकच पुस्तक, आठ दिवस.
बोटाला थुंकी लावून पान उलटू नये.
कोपरा दुमडू नये, खुणेला जांभळीचं पान चालेल.
जेवताना वाचू नये.
हा सरांनी स्वतःच मोडलेला आम्ही पाहिलाय,
एका हातात भाकरी, दुसऱ्यात एकशे बारा.

उशीर झाला तर दिवसाला चार आणे, डालड्याच्या डब्यात.
नसतील तर एका पुस्तकाला कव्हर घालून द्यायचं,
सिमेंटच्या पोत्याचा कागद, झटकून.
त्यामुळं सगळी पुस्तकं एकाच आईची वाटायची,
पाठीवर नुसता नंबर.
एकशे बारा सगळ्यांनाच हवं असायचं.
त्यात भूत होतं.

जांबोटीकडची ओल चार महिने भिंतीतून आत यायची.
सिद्राय मामा कप्प्याकप्प्यात वेखंड ठेवायचा,
आणि फारच झालं तर पुस्तकं
अक्षर दासोहाच्या चुलीपाशी मांडायचा, उघडी,
पंख वाळवणाऱ्या कोंबड्यांसारखी.
अजून धुराचा वास आला
की मला वाचावंसं वाटतं.

नोंदवही मात्र कन्नडमध्येच हवी,
खानापूरहून तसा कागद आला.
सरांनी वाद घातला नाही, निदान आमच्यापुढं नाही.
दोन रविवार बसून तीनशे चाळीस मराठी नावं
कन्नड अक्षरांत उतरवली, गोल गोल.
"नाव तेच," म्हणाले, "अंगरखा बदलला."
देवघेवही त्याच वहीत, मागच्या पानांवर.

निंगव्वा भिंतीपलीकडच्या कन्नड शाळेतली.
बाप वीटभट्टीवर, सौंदत्तीकडून आलेला.
केसांत लाल धूळ, गज धरून
दर शनिवारी खिडकीत उभी.
नियम पाचवा: पुस्तक याच शाळेच्या विद्यार्थ्याला.
मी तो तिला मोठ्यानं वाचून दाखवला.
मराठीत.

एकदा सर म्हणाले, आत ये.
पुस्तक दिलं. तिनं उघडलं, पाहिलं, मिटलं.
आमचं अक्षर तिला येत नव्हतं.
मग तिला टेबलावरची वही दिसली.
"नान ओद्तीनि," म्हणाली, मी वाचते,
आणि बोट ठेवून सुरू झाली पहिल्यापासून:
उंटाची उधारी. मिठाचा पूल. बेडकाचे पत्र.
शिंप्याची सात बटणे. बाभळीची बहीण.
अर्थ ठाऊक नसताना, आमची भाषा, अडखळत,
आणि ळ इतका नीट
की वर्गात कुणाला तसा जमत नव्हता.
पान उलटताना बोटाला थुंकी लावली तिनं.
सर खिडकीबाहेर बघत राहिले.

साठाव्या नावावर घंटा झाली.
नियम सातवा: नोंदवही कपाटाबाहेर जाणार नाही.
सर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत,
मग म्हणाले, "दे तिला. लिहून ठेव."
कुठं लिहू?
दिल्याची नोंद करायची तीच तर वही.
तळहातावर लिहिलं: निंगव्वा, आठ दिवस.
संध्याकाळी भांडी घासताना पुसलं गेलं.

सातव्याच दिवशी वही परत आली,
सिमेंटच्या कागदाचं कव्हर घालून,
दंड नसताना.
तीनशे चाळीसच्या खाली एक नवी ओळ,
तीनशे एकेचाळीस, तिच्या अक्षरात.
सरांनी वाचली, मला सांगितली नाही.
खोडलीही नाही.

मार्चात तपासणीला साहेब आले.
नावांवर पेन्सिल फिरवली, पुस्तकं मोजली,
पुन्हा मोजली. एक कमी.
"हे शेवटचं कुठं आहे?"
सर डालड्याचा डबा पुसत होते.
"बाहेर दिलंय साहेब," म्हणाले,
"यायचंय अजून."