मानशीची पावणी

मार्चमधल्या शेवटच्या रविवारी, मिसा सुटल्यावर,
शाळेच्या व्हरांड्यात पावणी झाली.
मी कुळ संघाची चिटणीस. बोली माझ्याच अक्षरात:
मानस क्रमांक दोन, मुदत एक वर्ष,
अकरा लाख चाळीस हजार.
घेणारा म्हापशाचा. आमच्या जुव्यावर
त्याचं वीतभर शेत नाही.

कोरगुटानं कधी दिले होते अकरा लाख?
कुळं एकशे बारा. भागाकार मी दोनदा केला:
दहा हजार एकशे अठ्ठ्याहत्तर रुपये,
वर सत्तावन्न पैसे.

दार तसं साधंच आहे, जांब्याच्या खांबांत लाकडाचं.
ओहोटीला आतलं पाणी त्याला ढकलून निघून जातं,
भरतीला खाडी स्वतःच ते लोटून घेते.
कुणी सांगावं लागत नाही.
पण रात्री दोनला, पाणी चढताना,
कुणी दोरीनं ते उघडं बांधून ठेवलं
की सुंगटं आत येतात, शेवटे येतात,
आणि मीठ.

गांवकरीचं गुणगान मला सांगू नका.
बांध फुटला की घरटी एक माणूस, एक टोपली;
चिखल आमच्या डोक्यावर, झोण त्यांच्या खिशात.
एस्क्रिव्हांवच्या वहीत माझ्या पणज्याचं नावच नाही.
पण बांध रात्रीत उभा राहायचा, हेही खरं.

मग कायदा आला. शेत आमचं झालं,
चौदाच्या उताऱ्यावर बापाचं नाव चढलं, घरात पेढे आले.
बांध कुणाचा, हे लिहायचं राहून गेलं.
आता तो फुटला तर निविदा निघते.
टिकला तर काहीच निघत नाही.

इनास, वय एकोणऐंशी,
अमावास्येला कोयता घेऊन गेला, दोरी कापून आला.
दुसऱ्या दिवशी तिथे साखळी होती.

अट पाचवी मीच घातली होती:
भरतीला दार उघडं आढळल्यास
दर खेपेस दंड पाचशे रुपये.
सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

परवा म्हापशाचा माणूस आला,
पन्नास खेपांचे पंचवीस हजार
टेबलावर मोजून ठेवले, आगाऊ.
म्हणाला, बाय, पावती तेवढी द्या.

मी कार्बन नीट सरळ केला
आणि लिहिली.