मागची सीट

किंक्रांतीला कुणी शुभकार्य काढत नाही,
म्हणून सासऱ्यांनी तो दिवस दंडोबाला देऊन टाकला होता.
"आज काय मोडलं तर दोष दिवसाचा," म्हणायचे
आणि लुनाला किक मारायचे.
पुढे आमची स्कूटर आली.
हँडलला धरून गिरिजा उभी,
आम्हा दोघांत चेपलेला वीरेश,
माझ्या मांडीवर डबा, डब्यावर माझी हनुवटी.

यंदा वीरेशनं किल्ली मागितली नाही,
खुंटीवरून घेतली.
डावीकडे त्याचे वडील.
मागे मी आणि गंगाक्का,
मध्ये शेंगापोळ्यांचा डबा, पट्टा लावलेला.
गाडी घेऊन अकरा वर्षं झाली,
मागच्या सीटवर मी पहिल्यांदाच.

मिरज सोडली आणि पुढ्यात उसाच्या ट्रॉल्या,
एकीला एक जोडलेल्या, टेप मोठ्यानं लावलेला.
वीरेशनं इंडिकेटर दिला
आणि ह्यांचा उजवा पाय
नसलेल्या ब्रेकवर कचकन पडला.
कुणी काही बोललं नाही.
आरशात पोराचे डोळे तेवढे हसले.

मागून दिसत होती दोन डोकी.
दोघांचा भोवरा एकाच जागी.
एकाचा अजून गरगर फिरतोय,
दुसऱ्याचा फिरून फिरून उघडा पडलाय.
हे मला शेजारी बसून कधी दिसलं नसतं.
शेजारी बसून मी नुसता रस्ता बघत आले.
खड्डा आला, हळू.
म्हैस आली, हॉर्न द्या.
म्हैस आजही आली.
तिची ती गेली.

भोश्याच्या पुढे द्राक्षबागा,
घडाघडाला वर्तमानपत्र गुंडाळलेलं.
"आपल्याकडं आता घडच वाचत्यात पेपर,"
गंगाक्का म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या इतकं
की त्यांना खोकला लागला, पाणी काढावं लागलं.

चढावर तिसऱ्या वळणाला हे वाकले,
नाडी बांधायला.
पायात सँडल होते.
मीही थांबले मग,
चष्म्याची काच पुसत बसले,
स्वच्छच होती.
वीरेश वरून ओरडला, "काय झालं?"
आम्ही दोघं एकदम, "काही नाही."

गिरिजाचा हैदराबादहून व्हिडिओ कॉल.
"वळणावरची चिंच आहे का अजून?"
आहे म्हणेपर्यंत रेंज गेली,
तिचा चेहरा हसता हसता थिजला.
कट करायला कुणाचं बोट होईना.
तो थांबलेला चेहरा दगडाला टेकवून ठेवला
आणि आम्ही ताटं मांडली.
बाजरीची भाकरी, कालची भोगीची भाजी,
शिळी म्हणून जास्तच मुरलेली.

वर वारं होतं, डोळ्यांत पाणी आणणारं.
सासरे इथं उभं राहून काठीनं दाखवायचे,
"ती बघा सांगली."
कुणालाच कधी दिसली नाही.
आज वीरेशनं हात लांब केला, "आपलं घर त्या बाजूला."
दिशा चुकली होती,
अगदी आजोबांसारखी.
मी दुरुस्त केली नाही.

येताना डोळा कधी लागला कळलं नाही.
जाग आली ती इंजिन बंद पडलेल्या शांततेनं.
फाटकाची कडी वाजली.
कुणीतरी डब्याचा पट्टा सोडवला, हळूच.
"उठवू का आईला?"
"राहू दे. झोपू दे पाच मिनिटं."
ह्यांचा हा आवाज
मी विसरूनच गेले होते,
पोरं तापात असायची तेव्हाचा.

गिरिजा अशीच झोपायची
दारात स्कूटर थांबली की.
पापणी थरथरायची, मला कळायचं,
तरी उचलून न्यायची मी तिला.
मला आता कोण उचलणार,
एकोणपन्नासाव्या वर्षी, या गुडघ्यांसकट.
तरी डोळे घट्ट मिटून घेतले
आणि पापणी हलू नये एवढंच बघत राहिले.

अंधारात शेजारून कोपर लागलं.
गंगाक्का कुजबुजल्या,
"मी बी."