एकशे सात, एकशे नऊ

विद्यापीठातून शेवटच्या एसटीनं हुपरीला परतले
तेव्हा आप्पा जंतरपट्टीतून तार ओढत होते,
एका भोकातून पुढच्या बारीक भोकात.
केसाएवढी व्हायच्या आधी चांदी जरा कण्हते,
ते फक्त त्यांनाच ऐकू येतं.

"आज काय शिकिवलं?"
"चांदीच."
"बत्तीस वर्सं वडतोय मी तिला. सांग की मग."

शेगडीपुढच्या राखेत मी बोटानं काढलं:
मध्ये सत्तेचाळीस, एका मुठीत.
भोवती दोन, आठ, अठरा, अठरा,
आणि अगदी बाहेर, सोप्यात, एक.
"त्यो एकटाच का?"
तो एकटा म्हणूनच तर चांदी ही चांदी, आप्पा.
तो कुणा एकाचा राहत नाही,
शेजारच्याच्या, त्याच्याही शेजारच्याच्या अंगणातनं फिरतो,
म्हणून ती चमकते,
म्हणून इतकी ओढली तरी तुटत नाही.
आप्पांनी माझ्या पाठीवरच्या सॅककडे बघितलं.
मी अजून ती उतरवली नव्हती.

मग न्यूट्रॉन सांगितले.
ना धन, ना ऋण. नुसतं वजन.
काही अणूंच्या मुठीत साठ, काहींच्यात बासष्ट.
शंभरातले बावन्न हलके, अठ्ठेचाळीस जड.
चमक तीच, टंच तोच,
तक्त्यातला खणसुद्धा एकच.
समस्थानिक म्हणतात त्यांना.
"म्हंजे एकाच गावचं."
होय. एकाच गावचे.

"आणि वजन किती धरायचं?"
पुस्तकात एकशे सात पूर्णांक सत्त्याऐंशी शतांश.
"ह्यातल्या कुठल्याचं?"
कुठल्याच नाही. सरासरी आहे ती.
आप्पांनी तार सोडली आणि हसले.
"परवा सर्वेवालं पोरगं आलतं.
कारागिराची सरासरी मजुरी लिहून गेलं.
त्यो कारागीर बी असलाच. गावात घावला न्हाई अजून."

भिंतीपलीकडे जिनगोंडाकाकांचा ठोका चालला होता.
वाटणीत ऐरण त्यांना गेली, जंतरपट्टी आम्हाला.
नऊ वर्षं बोलणं नाही.
तरी दोन्हीकडची पैंजणं एका ताटात ठेवली
तर कुठलं कुणाचं,
ते काकूला सांगता येत नाही, पेढीवर तर नाहीच.

ठोका मध्येच थांबला. आप्पाही थांबले,
राखेतल्या मुठीकडे बघत राहिले.
"दोन गप्प माणसं जास्त असली
की घर जड हुतं, सन्मती.
पर दारावरची पाटी काय बदलत न्हाई."
पलीकडे ठोका पुन्हा सुरू झाला.

जेवायच्या आधी त्यांनी कुंचा घेतला.
राखेत चांदीचा कीस असतो, एक चिमूटही वाया घालवत नाहीत.
माझी मूठ, अठरा, अठरा, सोप्यातला तो एक
सगळं जपून गोळा केलं, डब्यात भरलं,
झाकण दाबून बसवलं.

झारेकरी रविवारी येतो.
आधी काकांकडं,
मग आमच्याकडं.